टोमॅटिलो आणि तीन ड्रायर

१४ मार्च

आज पार्लरमध्ये रोपवाली आली होती. शहराबाहेर तिची रोपवाटिका आहे, त्यामुळे नखांत कायम माती आणि केसांत कधी कधी पालापाचोळा. केस धुऊन घेतले, टोकं कापून घेतली आणि जाताना पर्समधून एक चिमुकलं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, आयुष्यभर नुसतं कापत आलात, आता एकदा काहीतरी वाढवून बघा. आत बिया होत्या, इतक्या बारीक की शिंक आली असती तर गेल्या असत्या. टोमॅटिलो म्हणे. टोमॅटोचा चुलतभाऊ, पण कागदी झगा अंगात घालूनच जन्माला येणारा.

कसं लावायचं, किती लावायचं, असं ती बरंच काही सांगत होती. मी तिचे केस वाळवत होते आणि मान डोलावत होते. जन्मभर हा धंदा केल्यावर असं होतं, ड्रायर चालू असला आणि समोरचे ओठ हलले की मान आपोआप डोलते. कुणाची सासू, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा घटस्फोट, सगळ्याला माझी संमती असते.

ही वही लेकीने दिली आहे. मनात येईल ते लिहीत जा म्हणाली. नोव्हेंबरात मी कायमची तिच्याकडे राहायला जायचं ठरलंय. पार्लर बातमीदार चालवील. बातमीदार म्हणजे माझी मदतनीस, गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत त्याच्या घरची खबर हिच्याकडे असते. घर भाड्याने देऊ. लेकीने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे, फिकट पिवळी. मी छान म्हटलं. पिवळा मला कधीच आवडला नाही, पण तिने इतक्या हौसेने रंग निवडलाय की तोंड उघडवेना. आणि खरं सांगायचं तर मला जायचंय की नाही तेच मला कळत नाही. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, घरात माझंच पाऊल वाजतं. जावं हे बरं.

टोमॅटिलो मात्र लावणार. जाताना बी घेऊन जाईन, तिच्या बाल्कनीत लावीन. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नये, लेकीच्या तर मुळीच नाही.

२ एप्रिल

उगवलं! केसांचा रंग कालवायच्या वाट्यांत माती भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं. सकाळी बघते तर सात हिरवे कोंब, मान वर काढून. मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की कुंपणाच्या भिंतीवरून घड्याळजींचं डोकं वर आलं. कुणी पडलं की काय, असं त्यांना वाटलं.

घड्याळजी म्हणजे शेजारी. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. एकटे राहतात, कमी बोलतात, आणि स्वतःचे केस स्वतःच कापतात. पुढून ठीक असतं, मागे मात्र जिन्याच्या पायऱ्या. भिंतीपलीकडे पाठमोरे दिसले की माझे हात शिवशिवतात. पण माझं पार्लर बायकांचं, दारावर तशी पाटी आहे, त्यामुळे इलाज नाही. आमचं बोलणं आजवर कचऱ्याची गाडी आली का, याच्यापुढे गेलेलं नाही.

आज त्यांना खिडकीतून वाटी दाखवली. बराच वेळ बघत राहिले.

१९ एप्रिल

आज विरळणी केली. गर्दीत काहीच धड वाढत नाही, मग केस असोत की रोपं. सातांतलं सगळ्यांत तगडं एक ठेवलं आणि मागच्या अंगणात उन्हात लावलं. एकच झाड, पण त्याची अशी निगा राखीन की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. बाकीची उपटली. शेवटच्याला हात लावला आणि उपटवेना. एवढंसं ते, माझ्याकडे बघत होतं. (झाडं बघत नाहीत, मला माहीत आहे. हे बघत होतं.)

म्हणून ते वाटीसकट भिंतीवरून घड्याळजींना दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि सवयीने कानाशी नेलं. मग लक्षात आलं तशी वाटी खाली घेतली. मी आत येऊन पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी एवढं हसले असेन.

६ जून

फुलं! झाड माझ्या कमरेपर्यंत आलंय, चहूबाजूंनी पसरलंय, सकाळी उठून न विंचरलेल्या केसांसारखं. आणि फांदीफांदीवर पिवळी फुलं, आत तपकिरी ठिपके. पिवळा रंग इथे शोभतो, हे मान्य करते.

पार्लरमध्ये आज माझं तोंड बंदच होत नव्हतं. जी येईल तिला टोमॅटिलो कबूल केले. एका फुलाचं एक फळ धरलं तरी टोपल्या भरतील. बातमीदार म्हणाली, ताई, बाजारात तुरी झालंय तुमचं. मी म्हटलं, तुझ्या वाटणीचे मोठे ठेवीन.

१४ जून

घड्याळजी भिंतीशी येऊन खाकरले. झाड कसं आहे विचारलं. मस्त आहे म्हटलं. मग विचारलं, एकच आहे ना? मी म्हटलं, एकच, पण लाखात एक. ते लालबुंद झाले. हवा बदलेलसं वाटतं, असं काहीतरी म्हणाले आणि आत गेले. हवा अजिबात बदलली नाही.

१६ जून

पुन्हा आले. झाडांचं असं असतं की, एवढं म्हणून थांबले. मी वाट पाहिली. मग म्हणाले की तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय, माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. आणि घड्याळ काढून घेऊन गेले.

घड्याळ काही मागे पडत नव्हतं. ते मी रोज पार्लरच्या घड्याळाशी ताडून बघते. पण माणूस एवढा आपुलकीने म्हणतोय तर नाही कशाला म्हणा.

१९ जून

घड्याळ परत आणून दिलं, घासूनपुसून लख्ख. खिळ्यावर स्वतःच टांगलं. टांगताना पाठ माझ्याकडे होती, आणि मागच्या पायऱ्यांत आणखी एका पायरीची भर पडलेली दिसली. दारात जाऊन वळले, तोंड उघडलं, मिटलं, चष्मा पुसला आणि गेले. तब्येत बरी नसावी. एकट्या माणसाचं खाण्यापिण्याकडे लक्ष नसतं.

२५ जून

बाजारात गेले होते तेव्हा त्यांच्या दुकानात डोकावले. माझं रोप, म्हणजे त्यांचं, खिडकीत मोठ्या कुंडीत आहे, दोन्ही बाजूंना घड्याळं टिकटिकतायत आणि मध्ये हे फुललंय. मी म्हटलं, अहो, घरी एवढं अंगण असताना इथे कशाला? तर म्हणाले, दिवसभर समोर असावं म्हणून. घड्याळं काय, वेळच सांगतात.

झाडांची भलतीच आवड दिसते. इतकी वर्षं शेजारी राहून मला पत्ता नव्हता.

८ जुलै

एकही फळ नाही. फुलं येतात, दोन दिवस मिरवतात आणि गळतात. अंगण रोज झाडते, केस झाडल्यासारखं. खत दिलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, लाडाने बोलले, शेवटी दम भरला. झाड नुसतं फुलतंय, हसऱ्या आणि आळशी मुलीसारखं.

पार्लरमध्ये सगळ्या विचारतात. आज एकीने तर टोपलीच आणली होती. मी म्हटलं, जातच उशिरा फळणारी आहे. लबाडी किती दिवस चालणार? लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, नसेल येत तर राहू दे, माझ्याकडे बाजारातून आणू. मला इतका राग आला की मी फोन ठेवून झाडापाशी जाऊन बसले. बी न्यायचंय मला. इथलं काहीतरी बरोबर हवंय, जे माझ्या हातून वाढलंय. नाहीतर त्या पिवळ्या खोलीत मी कोण?

११ जुलै

रोपवाली केस रंगवायला आली. आज आधी ड्रायर बंद केला आणि मगच विचारलं. ती म्हणाली, किती झाडं आहेत? मी म्हटलं, एक. तिने कपाळाला हात लावला, आणि कपाळाला रंग लागला.

टोमॅटिलोला स्वतःचा पराग चालत नाही म्हणे. शेजारी दुसरं झाड लागतंच. मार्चमध्ये तिने मला हे दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली होती. अख्खं पार्लर हसलं. डोक्यावरच्या ड्रायरखाली बसलेल्या दोघी काही न ऐकता हसल्या. मीही हसले, काय करणार.

वर ती म्हणाली, घड्याळवाल्यांनी मला महिन्यामागेच विचारलं होतं. त्यांना सगळं समजावलं मी. ते म्हणाले, बाईंना मी सांगतो.

संध्याकाळी भिंतीशी बोलावून चांगलं फैलावर घेतलं. महिनाभर माझी फुलं मातीत गेली आणि हे माहीत असून गप्प. तर म्हणाले, सांगणार होतो, तीनदा आलो होतो. वाक्य जुळेना.

“त्यात जुळवायचंय काय?” मी म्हटलं. “एकट्या झाडाला फळ धरत नाही, एवढंच ना?”

ते एकदम खाली वाकले, गवतात स्क्रू पडला म्हणून. बराच वेळ वर आले नाहीत. घड्याळांच्या दुकानात असतात ते स्क्रू, गवतात कुठून पडणार? विसरभोळा माणूस. पण वाईट नाही.

१२ जुलै

आज जी वरात निघाली ती उभ्या बाजाराने पाहिली असेल. घड्याळजींनी कुंडी सायकलच्या सीटवर बांधली आणि हातात हॅंडल धरून दुकानापासून घरापर्यंत चालत आणली. मी पार्लर बातमीदारवर टाकून मागून कुंडी धरून चालत होते. फांद्या त्यांच्या तोंडावर, माती माझ्या चपलांत. सिग्नलला एका रिकामटेकड्याने विचारलं, कुठे निघालात दोघं? घड्याळजी म्हणाले, घरी. मी म्हटलं, झाडाला घेऊन. उगाच गैरसमज नको.

कुंडी भिंतीवर ठेवली, बरोबर माझ्या झाडाच्या डोक्याशी. आता दोघांच्या फांद्या एकमेकांना लागतात.

१५ जुलै

निसर्गावर सोडून कसं चालेल? एका झाडाच्या फुलातला पराग ब्रशाने दुसऱ्याच्या फुलाला लावायचं आम्ही ठरवलं. मी केस रंगवायचा ब्रश नेला होता, तो फुलाएवढाच निघाला. घड्याळजींकडे चाकांतली धूळ काढायचा ब्रश आहे, पापणीसारखा. माझ्या अंगणात येऊन, डोळ्याला भिंग लावून ते माझ्या झाडाची फुलं करतात, मी स्टुलावर उभी राहून त्यांच्या झाडाची. सकाळी उजाडलं की आम्ही भिंतीशी. चहा आळीपाळीने, एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. त्यांचा चहा पांचट असतो, पण सांगितलं नाही.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, मधमाश्या आहेत ना तिथे? आहेत की, ढीगभर आहेत, चहात पडतात. मग ब्रश कशाला? म्हटलं, मधमाश्यांना काही जबाबदारी असते का? ती हसतच सुटली. मग म्हणाली, गेल्या पाच मिनिटांत तू घड्याळजींचं नाव किती वेळा घेतलंस माहीत आहे? मी म्हटलं, झाडाच्या गोष्टीत झाडाच्या मालकाचं नाव येणारच.

२ ऑगस्ट

धरलं!

सकाळी एका गळलेल्या फुलाच्या जागी एवढासा हिरवा कंदील लटकलेला. फुंकर मारली तर उडेल इतका हलका. घड्याळजींनी चिमट्याने धरून भिंग लावलं आणि म्हणाले, आत आहे. काय आहे? गोटी आहे, मोहरीएवढी. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांना बाही धरून अंगणभर ओढत नेलं. मी स्टुलावरून उतरले होते हे नशीब. त्यांचं भिंग डोळ्यालाच अडकलेलं, त्यामुळे त्यांना मी केवढी दिसत असेन. नंतर बाही सोडली आणि दोघंही कंदिलाकडे बघत बसलो.

या वयात असं काही होतं याची कल्पना नव्हती. झाड फळण्याबद्दल म्हणतेय.

२८ ऑगस्ट

दोन्ही झाडं लगडली आहेत. कंदील फुगतात, आतलं फळ वाढतं आणि एक दिवस झग्याची शिवण उसवते. फळ बोटाला चिकटतं, केसांना जेल लावल्यावर हात होतात तसं. पहिलं आम्ही भिंतीवर कापून अर्धं अर्धं खाल्लं. इतकं आंबट की माझा एक डोळा मिटला तो मिटलाच. घड्याळजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते, गोडसर आहे.

१४ सप्टेंबर

शब्द पाळला. सगळ्या गिऱ्हाइकांना वाटले, टोपलीवालीला टोपली भरून. बातमीदारला मोठे. ती म्हणाली, ताई, आजकाल तुम्ही गुणगुणता. मी म्हटलं, पार्लरमध्ये गाणी लागलेली असतात. ती म्हणाली, रेडिओ महिनाभर बंद आहे.

नोव्हेंबर जवळ आला. सामान आवरायला घ्यायला हवं, पण वेळ कुठे मिळतो? सकाळ भिंतीशी जाते. परवा एक पेटी काढली आणि त्यात टोमॅटिलो भरून घड्याळजींच्या बहिणीला पाठवले.

२७ सप्टेंबर

आज बी काढलं. झाडावरून तोडलेलं फळ बियांना चालत नाही, आपण होऊन गळलेलं, पिवळट, मऊ झालेलं लागतं. रोपवालीने सांगितलं आणि मी कान देऊन ऐकलं. दोघांनी आपापल्या झाडाखालची वेचली. मिक्सरच्या भांड्यात पाणी घालून नुसता झटका द्यायचा, फिरवत बसायचं नाही. मग मोठ्या पातेल्यात ओतायचं. गर वर तरंगतो, पोकळ बिया तरंगतात, आणि भरीव बिया गुपचूप तळाशी बसतात. वरचं पाणी ओतत जायचं, पुन्हा नवं घालायचं. शेवटी तळाशी सोनेरी चूर उरतो. तो बघून आम्ही दोघं इतके खूश झालो की माझ्या स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता वाळवायचं. घड्याळजींनी त्यांच्या वाटणीच्या बिया चिनीमातीच्या बशीत पसरल्या आणि चिमट्याने एकेक वेगळी करत बसले. बशी सावलीत ठेवायची, रोज उलटीपालटी करायची, आठवडा तरी जाईल म्हणाले. मी म्हटलं, ज्या बाईकडे तीन ड्रायर आहेत तिने आठवडाभर बशीकडे बघत बसायचं? माझ्या बिया चाळणीत घेतल्या, पार्लरमध्ये नेल्या आणि हातातला ड्रायर सगळ्यांत कडक गरमवर ठेवून त्याखाली धरल्या. दहा मिनिटांत खडखडीत. घड्याळजींना दाखवल्या तर म्हणाले, घाई आहे का? मी म्हटलं, नोव्हेंबरात जायचंय ना. ते बशी उचलून घेऊन गेले.

१२ ऑक्टोबर

रोपवालीने सांगितलं म्हणून बी उगवतं का ते बघायला ओल्या फडक्यात ठेवलं होतं. एका घडीत माझ्या बिया, एका घडीत घड्याळजींच्या. आज उघडलं.

त्यांच्या सगळ्या उगवल्या. पांढरी शेपटी काढून बसल्यात. माझी एकही नाही. पुन्हा झाकून ठेवलं, संध्याकाळी पुन्हा उघडलं. नाही. रोपवालीला फोन केला. ती म्हणाली, बाई, बी भाजलंत तुम्ही.

झाडं आता सुकत आली, पानं गळली, खाली एक फळ उरलं नाही. मी रडले. बियांसाठी एवढं कुणी रडत नाही हे मला समजतंय, तरी थांबत नव्हतं. फडकं तोंडाला लावलं तर त्यात त्यांच्या उगवलेल्या बिया होत्या, मग ते ठेवून टॉवेल घेतला. इथून काहीच बरोबर येणार नाही असं वाटलं. मग वाटलं, मला बिया न्यायच्या नाहीत. मग काय न्यायचंय ते कळेना.

१८ ऑक्टोबर

लेक सामान बघायला आली. सामान जागच्या जागी होतं. मी चहा ठेवेपर्यंत भिंतीशी जाऊन घड्याळजींशी बोलत होती. चहा उकळून आटला, पुन्हा ठेवला, तरी स्वारी बोलतच होती. आत आली ती हसत, आणि डोळे पुसत. दुपारी जेवताना म्हणाली, आई, माझ्या बाल्कनीत एकच कुंडी मावते.

मी म्हटलं, दुसरी खिडकीत ठेवू.

“मी मोजून बघितलंय,” ती म्हणाली. “एकच मावते. तू नीट विचार कर. खोली काय, तुझीच आहे. महिनाभर आलीस तरी तुझी, दोन दिवस आलीस तरी तुझी.”

म्हणजे तिला मी नको आहे. जावयाने काही म्हटलं असेल. तसं वाटत नाही, तो बिचारा गाय आहे. पण मग अशी का बोलली? जाताना मला मिठी मारून बराच वेळ सोडेना, आणि वर म्हणाली, बाबांनासुद्धा आवडलं असतं गं. ह्यांना तर कुंडी दिसली की शिंका यायच्या. मला काहीच उमगलं नाही.

२२ ऑक्टोबर

मान खाली घालून घड्याळजींकडे बी मागितलं. चिमूटभर द्या म्हटलं, माझं जळालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बघतो म्हणाले आणि आत गेले.

बघतो? पसाभर बी आहे त्यांच्याकडे, मी डोळ्यांनी पाहिलंय.

१ नोव्हेंबर

भिंतीशी येत नाहीत. सकाळी मी दोन कप घेऊन उभी राहते, एक पिते, एक ओतून देते. त्यांच्या घरात दिवा असतो, म्हणजे आहेत. असा चिक्कू माणूस जन्मात पाहिला नाही. माझंच रोप, मीच वाटीतून दिलेलं, त्याचं बी मला द्यायला जिवावर आलंय. आणि मला राग यायला हवा तर रागाऐवजी भलतंच काहीतरी येतंय. घरात पुन्हा माझंच पाऊल वाजतंय. पावसाळाभर कसं ऐकू येत नव्हतं?

पेट्या भरायला घेतल्या. पहिल्या पेटीत काय घालावं ते सुचेना, म्हणून स्टूल घातलं. मग काढलं.

९ नोव्हेंबर

भराभर लिहितेय, अक्षर सांभाळून घ्यावं. कुणी, माहीत नाही. वहीने.

दुपारी पार्लर भरलेलं. तिन्ही ड्रायर चालू, दोघी मोठ्या ड्रायरखाली, एकीचे बातमीदार वाळवत होती. दार उघडलं आणि घड्याळजी आत. बायकांच्या पार्लरमध्ये, पाटीखालून. धुतलेला शर्ट, हातात चिमुकलं पाकीट. सगळ्या वळून बघायला लागल्या. बातमीदारच्या हातातला कंगवा पडला. ते सरळ रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले आणि आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, मागचं जरा नीट करा.

मी पाटी विसरले. आजवर ज्यासाठी हात शिवशिवत होते ते डोकं समोर होतं. कापड गुंडाळलं आणि कापायला लागले. एकेक पायरी काढली. त्यांची मान इतकी ताठ होती की मला दोनदा खाली करावी लागली. कापून झालं तसा बातमीदारकडचा हातातला ड्रायर घेतला आणि मानेवरचे केस उडवायला लागले.

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. समोर आरशात न बघता, मांडीवरच्या पाकिटाकडे बघत ते काहीतरी म्हणाले. ड्रायर चालू असताना. तीनदा येऊनही न जुळलेलं वाक्य बहुधा त्याच आवाजाच्या आडोशाला जुळलं असावं.

मी ड्रायर बंद केला. बातमीदारने, तिला मी मानते, बाकीचे दोन्ही बंद केले. दोन डोकी बाहेर आली. इतकी शांतता झाली की त्यांच्या खिशातलं घड्याळ ऐकू येत होतं.

“काय म्हणालात?” मी विचारलं.

मान लाल, कान लाल, आणि कान आता पहिल्यांदाच धड दिसत होते. पण पळाले नाहीत. स्क्रूही पडला नाही.

“बी मी नेऊ देणार नाही,” ते म्हणाले, मोठ्यांदा. “इथे लावणार असाल तर सगळं तुमचं. बी, कुंडी, आणि... भिंत पाडायची असेल तर भिंतसुद्धा.”

एका गिऱ्हाइकाने टाळी वाजवली. बातमीदार रडत होती. मी काय केलं? मी मान डोलावली. या वेळी मात्र ऐकून.

लेकीला फोन केला. मी काही सांगायच्या आत ती म्हणाली, केस कापलेस का त्यांचे? म्हणजे हिला भिंतीशी बोलली तेव्हापासून माहीत होतं, आणि मी बिचाऱ्या जावयाला बोल लावत होते. खोली पिवळीच राहू दे म्हटलं, मी अधूनमधून येईन, दोघं येऊ. ती ओरडली ते फोनशिवायही ऐकू आलं असतं.

भिंत पाडायची नाही असं ठरवलं. कुंडी कुठे ठेवायची मग? पण त्यात एक दार काढायचंय.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी सांगणार नाही, इथेच लिहून ठेवते. बिया भाजल्यापासून मी हातातला ड्रायर गरमवर लावतच नाही. गार आणि मंद ठेवते. त्या आवाजात सगळं ऐकू येतं. त्यांचं वाक्य मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, शब्दन्‌शब्द. पण एवढ्या महिन्यांनी जुळलं होतं बिचाऱ्यांचं, एकदाच ऐकून कसं भागेल?